साष्टीचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

इ.स. १५८४ च्या एप्रिल महिन्यात तीन इंग्रज व्यापारी गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून गुपचूप निसटले आणि घाट चढून बेळगावास पोहोचले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि विल्यम लीड्स ही त्यांची नावे. बेळगाव तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत मोडत असे. फिच पुढे १५९१ साली मायदेशी परतला व त्याने आपला प्रवासवृत्तान्त लिहिला. त्यात बेळगावच्या बाजारात हिरे, माणके व नीलम यांचा मोठा व्यापार चालत असल्याची नोंद आहे. आपल्या गावाविषयी इंग्रजी भाषेत लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय.

हे व्यापारी बेळगावपर्यंत येऊ शकले, यामागे गोव्यातील एका पाद्र्याची रदबदली होती. हेरगिरीच्या संशयावरून त्यांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात डांबण्यात आले होते. त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी दोघांनी खटपट केली. एक होता आर्चबिशपच्या पदरी असलेला डच तरुण लिन्स्कोटेन, आणि दुसरे त्या व्यापाऱ्यांचेच देशबांधव, येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स. मराठी वाचक त्यांना ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ओळखतात. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून कित्येक पिढ्यांच्या कानी पडल्या आहेत. परंतु त्या ओव्या ज्या काळात व ज्या धर्मसत्तेच्या छायेत लिहिल्या गेल्या, त्याची माहिती आपणांपैकी थोड्यांनाच असते. ती ध्यानात घेतल्याशिवाय या ग्रंथकाराचे मोठेपण व त्याच्या मर्यादा या दोहोंचेही यथार्थ आकलन होणार नाही.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ.स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते वयात आले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती. रोमच्या पोपची सत्ता तिने झुगारून दिली होती आणि कॅथलिक पंथाची उपासना हा तेथे गुन्हा ठरला होता. थॉमस पाउंड नावाच्या एका कॅथलिक गृहस्थाशी स्टीफन्स यांचा स्नेह जडला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. या काळात काही दिवस स्टीफन्स हे पाउंड यांचे नोकर म्हणून वेष पालटून राहत होते. बेत सिद्धीस जाण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. आपला धर्म पाळण्यासाठी स्वदेश सोडावा लागलेला हा तरुण होता, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले. आफ्रिकेला वळसा घालून त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले व त्यात सागरप्रवासाचे बारकाईने वर्णन केले. रिचर्ड हॅकलुट या संपादकाने हे पत्र आपल्या प्रवाससंग्रहात छापले, आणि पूर्वेकडील व्यापाराची स्वप्ने पाहणाऱ्या इंग्रजांनी ते आवडीने वाचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स यांचा निर्देश केला जातो. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायला तेव्हा अजून एकवीस वर्षे अवकाश होता.

ते ज्या गोव्यात उतरले, तेथे राजसत्ता व धर्मसत्ता या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. नव्याने सापडलेल्या मुलखांत चर्च उभारण्याचा, बिशप नेमण्याचा व मिशनऱ्यांचा खर्च चालविण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. ‘पाद्रोआदो’ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. तिच्यामुळे धर्मप्रसार हे राज्याचे काम झाले आणि राज्याची तलवार धर्मप्रसाराच्या दिमतीस आली. तिसवाडी बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्येच जिंकले होते. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ साली इब्राहिम आदिलशहाकडून त्यांच्याकडे गेले. विजापूरच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका शहजाद्याला पोर्तुगीजांनी दूर ठेवावे, यासाठी दिलेली ती किंमत होती. त्या शहजाद्याच्या कारस्थानात बेळगावचा सरदार असदखान लारी याचाही हात होता. बेळगावच्या किल्ल्यात शिजलेल्या राजकारणाचे परिणाम असे घाटाखालच्या साष्टीतील रयतेला भोगावे लागले.

याच सुमारास युरोपात कॅथलिक चर्चची त्रेंत येथील धर्मपरिषद भरली होती. १५४५ ते १५६३ या अठरा वर्षांत तिची अधिवेशने झाली. प्रॉटेस्टंट बंडाला उत्तर देणे व स्वतःच्या घरातील शिस्त सुधारणे हे तिचे कार्य. प्रत्येक प्रांताने आपापल्या धर्मसभा भरवून हे निर्णय अमलात आणावेत, असे तिने ठरवून दिले. त्यानुसार गोव्यात १५६७, १५७५, १५८५, १५९२ व १६०६ या साली पाच प्रांतिक धर्मसभा झाल्या. आशिया व पूर्व आफ्रिकेतील पोर्तुगीज मुलखांचे धार्मिक धोरण या सभांत आखले गेले.

या धोरणात एक विसंगती आरंभापासून होती. १५६७ च्या सभेने धाकदपटशा करून कोणालाही बाप्तिस्मा देऊ नये असे म्हटले. त्याच सभेने हिंदूंची देवळे व जाहीर उत्सव बंद करावेत, त्यांच्या पुरोहितांना व शास्त्र्यांना हद्दपार करावे, त्यांचे ग्रंथ काढून घ्यावेत आणि हिंदूंना पाळीपाळीने चर्चचे प्रवचन ऐकण्यास भाग पाडावे, अशीही मागणी केली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसलेच होते. साष्टीतील बहुतेक देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. भाविकांनी मूर्ती घेऊन रातोरात नदी ओलांडली. कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते तेव्हा आदिलशाही हद्दीतील अंत्रूज महालात आली. बेळगाव परिसरातील अनेक घराण्यांची कुलदैवते आज मंगेशी, म्हार्दोळ व कवळे येथे आहेत, त्याचे मूळ या घटनेत आहे.

याच धर्मसभांनी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. लोकांना धर्म शिकवावयाचा तर तो त्यांच्या भाषेत शिकविला पाहिजे. १५८५ च्या सभेने धर्मशिक्षणाची पोथी तयार करून तिचे देशी भाषांत रूपांतर करण्याचे ठरविले. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत भरलेल्या १६०६ च्या सभेने तर देशी भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याच्या हाती गावचे चर्च सोपवू नये असा नियम केला. हेच मेनेझिस १५९९ साली केरळातील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाचे सुरियानी ग्रंथ दोषी ठरवून आले होते. जुने ग्रंथ नष्ट करावयाचे आणि भाषा मात्र शिकावयाची, असे हे दुहेरी धोरण होते. फादर स्टीफन्स यांचे सारे आयुष्य या धोरणाच्या चौकटीत गेले.

१५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली व साष्टीत त्यांची नेमणूक झाली. बारदेश फ्रान्सिस्कन संघाकडे, तर साष्टी येशूसंघाकडे अशी वाटणी होती. साष्टीत त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. मडगाव व रायतूर येथे त्यांचे वास्तव्य असे आणि साष्टीतील संघाच्या कामाची धुराही त्यांनी काही काळ वाहिली.

तेथे येऊन चार वर्षेही झाली नव्हती, तोच १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे भयंकर प्रकार घडला. ज्या गावाची देवळे फौजेने जाळली होती, तेथे चर्चसाठी जागा पाहण्यास पाच येशूसंघी आपल्या काही माणसांसह गेले. संतप्त गावकऱ्यांनी त्यांना ठार मारले. अकबर बादशहाच्या दरबारी राहून नुकतेच परतलेले फादर रुदोल्फ आक्वाविवा हे त्या पाचांत होते. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून आणण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्यास आले. यापुढचा प्रकारही तितकाच काळा आहे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची हत्या केली. चर्चने मारल्या गेलेल्या पाद्र्यांना १८९३ साली धन्य घोषित केले. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचे स्मारक मात्र कुंकळ्ळीत फार उशिरा उभे राहिले.

या प्रसंगाचा फादर स्टीफन्स यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचा अंदाज त्यांच्या पुढील कार्यावरूनच करावा लागतो. त्यांनी भाषेच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये धाकट्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास हाच विचार शास्त्रीय स्वरूपात मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी.

साष्टीतील लोकांची बोली कोंकणी, पण कथापुराणांची भाषा मराठी, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दोन्ही आत्मसात केल्या. बोलभाषेत त्यांनी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी रचली. ती त्यांच्या निधनानंतर १६२२ साली रायतूरला छापली गेली. याच बोलीचे त्यांनी लिहिलेले व्याकरण फादर दियोगु रिबैरू यांनी भर घालून सिद्ध केले व ते १६४० साली प्रसिद्ध झाले. एखाद्या आधुनिक भारतीय भाषेचे छापले गेलेले हे पहिले व्याकरण मानले जाते. पोर्तुगीज लोक या बोलीला ‘कानारीं’ म्हणत आणि व्याकरणाच्या नावातही तोच शब्द आहे. मराठी, कानडी व कोंकणी या तिन्ही भाषा ज्यांच्या कानांवर रोज पडतात, त्या बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हा नावांचा घोटाळा मोठा उद्बोधक वाटेल. कोंकणीला कानडीवरून नाव मिळाले, आणि तिच्या व्याकरणकाराने आपला मोठा ग्रंथ लिहिला तो मराठीत.

‘क्रिस्तपुराणा’च्या निर्मितीचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी आला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हांला मन रमविण्यास दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न कल्पित असो वा प्रत्यक्ष घडलेला असो, त्यातील व्यथा खरी आहे. ज्यांच्या घरांतून पोथ्या गेल्या, देवळांतून कीर्तने गेली, त्यांच्या संध्याकाळी रित्या झाल्या होत्या. धर्मसभेच्या ठरावाने ग्रंथ काढून घेता येतात, पण ऐकण्याची भूक काढून घेता येत नाही. फादर स्टीफन्स यांनी ही भूक ओळखली.

त्यांनी ओवी हा छंद निवडला, श्रोता व वक्ता यांच्या संवादाची पुराणातील रीत स्वीकारली, आणि प्रकरणांना ‘अवस्वरू’ असे नाव दिले. पहिल्या भागात छत्तीस व दुसऱ्या भागात एकोणसाठ अवस्वरू आहेत, आणि एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. पहिल्या भागात विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, तर दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. परमेश्वर, मुक्ती, पुण्य हे शब्द ते संकोच न करता वापरतात. सामान्य श्रोत्यास अडचण पडू नये म्हणून मराठीत कोंकणी शब्दांची मिसळ केल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. एकनाथांचे निधन १५९९ सालचे, म्हणजे हे दोघे समकालीनच. मराठी धर्मकाव्याची काही हस्तलिखिते पाद्र्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतली होती, व ती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. येशूसंघी पाद्री मराठी पोथ्या काळजीपूर्वक वाचत होते, याचा हा पुरावा आहे. त्यांपैकी काही पोथ्या बळजबरीने हस्तगत केलेल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे.

ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्यासाठी इन्क्विझिशन, आर्चबिशप व आपल्या संघाचे प्रांताधिकारी अशा तिघांची अनुमती घ्यावी लागली. छपाई रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. याची खंत फादर स्टीफन्स यांना होती. १६०८ साली त्यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना पत्र पाठवून या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा कळविली. अक्षरांच्या सहाशे आकृती लागत असल्या तरी त्या दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. तमिळ लिपीत १५७८ सालीच पुस्तक निघाले होते. मराठीच्या बाबतीत ती विनंती फलद्रूप झाली नाही. १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. इंग्लंडला ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

त्यांच्या मागे त्यांनी घालून दिलेली वाट काही काळ चालू राहिली. फ्रान्समधून आलेले फादर एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटरचे चरित्र मराठी ओव्यांत लिहिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रोममध्येही विचार बदलत होता. पोर्तुगालच्या राजावर सर्व काही सोपविण्यातील धोका ओळखून पोपने १६२२ साली धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते स्थापिले. गोव्याच्या आर्चबिशपांनी ज्यांना गुरुदीक्षा नाकारली होती, ते दिवाडीचे मातेउश द कास्त्रू रोमला जाऊन पाद्री झाले. या खात्याने १६३७ साली त्यांना बिशप करून विजापूरच्या मुलखासाठी नेमले. बेळगाव त्याच मुलखात होते. १६५९ साली तर या खात्याने आपल्या मिशनऱ्यांना बजावले की, श्रद्धेला व नीतीला उघड बाध येत नसेल तर लोकांच्या चालीरीती बदलण्याच्या फंदात पडू नये.

गोव्यात मात्र वारे उलट दिशेने वाहू लागले. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेकडे संशयाने पाहण्यास सुरुवात केली. १६८४ च्या जून महिन्यात व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा शिकण्याचा कंटाळा असलेल्या पाद्र्यांचा या फर्मानास पाठिंबा होता. १६०६ च्या धर्मसभेने जे पाद्र्यांवर बंधनकारक केले होते, त्याचे ओझे आता रयतेवर टाकण्यात आले. पुढे १७५९ साली येशूसंघच पोर्तुगीज मुलखांतून हाकलला गेला.

‘क्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला, आणि त्याचे श्रेय वाचकांना आहे. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या. घराघरांतून व चर्चमधून, विशेषतः उपवासाच्या काळात, त्याचे वाचन होत असे. टिपू सुलतानाने १७८४ साली या समाजाला श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात नेले, तेव्हा या ओव्यांनीच त्यांना धीर दिला, असे त्यांच्यात परंपरेने सांगितले जाते. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडनमधील एका देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. अगदी अलीकडे, २००९ साली, फादर नेल्सन फाल्काव यांची संपादित आवृत्ती बंगळूरहून निघाली. ज्या लिपीचे खिळे फादर स्टीफन्स यांना मिळाले नाहीत, त्या लिपीत त्यांचा ग्रंथ छापला जाण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली.

फादर स्टीफन्स यांच्याकडे आज कसे पाहावे? स्वधर्मासाठी परागंदा झालेला हा पुरुष, दुसऱ्यांचा स्वधर्म बुडविणाऱ्या राजवटीत आयुष्यभर सेवा करीत राहिला. त्या राजवटीविरुद्ध त्यांनी आवाज उठविल्याचे आढळत नाही, आणि जुन्या दैवतांविषयी त्यांचा ग्रंथही आदराने बोलत नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्याच धोरणात भाषेच्या आदराचा जो एक चांगला अंश होता, तो त्यांनी नियम म्हणून नव्हे, तर प्रेमाने पाळला. ठराव करणारे शेकडो होते. परकी भाषा इतकी आपलीशी करून तिच्यात अकरा हजार ओव्या रचणारे मात्र विरळाच.

आपल्या भागात वाचनालयाची परंपरा लोकवर्गणीवर व वाचकांच्या निष्ठेवर उभी आहे. राज्ये बदलली, प्रांतांच्या सीमा बदलल्या, कचेरीची भाषा बदलली, तरी पुस्तकांचे कपाट रोज संध्याकाळी उघडत राहिले. शतकपूर्तीच्या या प्रसंगी फादर स्टीफन्स यांचे स्मरण करताना, ज्या अनाम वाचकांनी दिव्याच्या उजेडात त्यांच्या पुराणाच्या नकला उतरवून ठेवल्या, त्यांचेही कृतज्ञतेने स्मरण करणे उचित होईल.